यॉर्की पाळायचाय? सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

माझ्याकडे गेली नऊ वर्षं यॉर्कशायर टेरियर, म्हणजेच यॉर्की जातीचा कुत्रा आहे, नाव गुंड्या, वजन २ किलो ९०० ग्रॅम. फिरायला नेलं की दर दोन मिनिटांनी कोणीतरी थांबवून तेच तेच विचारतं, शिवाय त्याला बघून ओळखीतल्या दोन-तीन जणांनी पिल्लं आणली त्यामुळे फोनवरही हेच चालू असतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. मी व्हेट (प्राण्यांची डॉक्टर) नाहीये. आजारपणाचं जे लिहिलंय ते वेळेत लक्षात यावं म्हणून, औषधपाणी तुमचे डॉक्टर सांगतील तेच.

हा खरंच टेरियर आहे का? दिसतो तर सॉफ्ट टॉय!

इथेच सगळ्यांची गल्लत होते. टेरियर म्हणजे उंदीर-घुशी मारायला पाळलेला शिकारी कुत्रा, आणि हा त्यातलाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडमधले विणकर कामाच्या शोधात उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायर-लँकाशायरच्या बाजूला आले आणि येताना आपले छोटे टेरियर घेऊन आले, आणि त्या कुत्र्यांचं काम होतं गिरण्यांमधले उंदीर मारणं. रिबिनी-बिबिनी सगळं नंतरचं. हडर्सफील्ड बेन नावाचा एक कुत्रा (१८६५ ते १८७१, म्हणजे जेमतेम सहा वर्षं जगला बिचारा) आजच्या यॉर्कींचा मूळपुरुष मानतात.

आता हे रक्तात आहे म्हणजे काय ते सांगते. एकदा आमच्या फ्रिजच्या मागे उंदीर शिरला. गुंड्या पाऊण तास फ्रिजसमोर बसून होता, भुंकला नाही, हलला नाही, फक्त कान टवकारलेले आणि उजवा पुढचा पंजा जमिनीपासून इंचभर वर. जेवायला हाक मारली, आला नाही. ट्रीट दाखवली, बघितलंसुद्धा नाही. हा तोच कुत्रा जो एरवी ट्रीटच्या डब्याचं झाकण उघडलं तरी दुसऱ्या खोलीतून पळत येतो. तेव्हा घरात बाहुली आणतोय असं समजून आणू नका, छोट्या साइझचा शिकारी आणताय.

सिल्की टेरियर आणि यॉर्की एकच ना?

नाही, पण जवळचे नातेवाईक. सिल्की ऑस्ट्रेलियातला, तिथे यॉर्की आणि ऑस्ट्रेलियन टेरियर यांच्या संकरातून झाला, आधी त्याला सिडनी सिल्की म्हणायचे, १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियन सिल्की टेरियर हे नाव ठरलं. तो थोडा मोठा, साधारण ४ किलोच्या आसपास, अंग लांबट, तोंडही लांब, आणि केस जमिनीपर्यंत येत नाहीत. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्यालाही लागू पडतं.

टीकप यॉर्की घ्यावा का?

नको. टीकप अशी वेगळी जात नाहीये, तो विकणाऱ्यांचा शब्द आहे. जातीच्या नियमात वरची मर्यादा ७ पाउंड म्हणजे ३.२ किलोच्या जवळपास आहे, म्हणजे हा मुळातच लहान. त्याहून लहान करायचा तर वेतातल्या सगळ्यात खुरट्या पिल्लांची आपसात जोडी लावतात, मग ठिसूळ हाडं, साखर उतरणं, लिव्हरची भानगड, डोक्यावरच्या टाळूची हाडं नीट न जुळणं हे सगळं सोबत येतं. दीड किलोचा पूर्ण वाढलेला कुत्रा हातात गोड दिसतो हे मान्य, पण त्याचं आयुष्य दवाखान्याच्या वाऱ्यांत जातं.

पिल्लू तर काळं कुळकुळीत आहे, फोटोत निळसर-सोनेरी होतं. फसवलं का मला?

नाही हो, सगळी यॉर्की पिल्लं काळी आणि त्यावर तपकिरी ठिपके अशीच जन्मतात. पाठीचा काळा रंग हळूहळू पोलादासारखा निळसर होतो, डोकं-पाय सोनेरी होतात, पूर्ण बदलायला दोन-तीन वर्षंही लागतात. केस बाजूला करून मुळाशी बघा, तिथे आधी उजळ दिसायला लागतं. उलट कोणी दोन महिन्यांचं चांदीसारखं पिल्लू "खास रंग" म्हणून दाखवलं तर तिथे चार प्रश्न जास्त विचारा.

घेताना रंगापेक्षा आईला बघा. आई दाखवायला टाळाटाळ करत असतील तर तिथून निघायचं. आणि दोन महिन्यांच्या आत तर घ्यायचंच नाही, इतक्या छोट्या जातीत अडीच-तीन महिने आईजवळ राहिलेलं पिल्लू जास्त बरं.

केस गळतात का? मला ॲलर्जी आहे.

गळतात पण फार कमी, कारण याला खालचा लोकरीसारखा दुसरा थर नसतोच, एकच थर, आपल्या केसांसारखा वाढत राहणारा. ॲलर्जीचं मात्र वेगळं आहे. ती केसांनी येत नाही, लाळेतल्या, कोंड्यातल्या, लघवीतल्या प्रथिनांनी येते, आणि कोंडा आणि लाळ तर याला पण आहेच ना. हायपोअलर्जेनिक (ॲलर्जी न करणारा) वगैरे शब्दांवर विसंबू नका. ज्याच्याकडे यॉर्की आहे त्याच्या घरी जा, दोन तास बसा, मांडीवर घ्या, हात चाटू द्या, आणि असं एकदा नाही तीन-चारदा करा, मग ठरवा.

रोज ब्रश करावाच लागतो का?

केस लांब ठेवणार असाल तर हो, रोज. पपी कट ठेवला, म्हणजे अंगभर इंच-दीड इंच, तर दोन-तीन दिवसांनी एकदा चालतं. मी पहिली दोन वर्षं हौसेने लांब ठेवले आणि मग सोडून दिलं. रेशमी केसांचा कौतुकसोहळा फोटोत असतो, घरात असतो तो गुंता.

पद्धत सांगते कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. कोरड्या केसांवर ब्रश फिरवायचा नाही, केस तुटतात. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि कुत्र्यांचं कंडिशनर थोडंसं घालून हलकं फवारायचं. मग त्याला आडवा करून पोटाकडून सुरुवात, एक एक थर वर उचलत पाठीपर्यंत यायचं, नुसतं पाठीवरून वरवर ब्रश फिरवला तर वरून चकचकीत आणि आत जटा. आधी टोकं सोडवायची, मग मध्य, मग मूळ. पिन ब्रश झाला की स्टीलचा कंगवा मुळापासून घालून बघायचा, कंगवा अडकला म्हणजे काम झालेलं नाहीये. कानामागे, काखेत, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घासतो तिथे आणि मागच्या पायांच्या आत, या चार जागा आधी तपासा.

आणि जट कात्रीने कापू नका, ही माझी स्वतःची चूक सांगते. गुंड्याच्या कानामागची जट मला सुटेना, कंटाळून कात्री घेतली आणि कच्चकन लावली, जटेसोबत कातडी पण ओढली जाते हे माहीतच नव्हतं, कानाची कड कापली गेली. जखम तांदळाच्या दाण्याएवढी, पण कानाला रक्त किती येतं ते तेव्हा कळलं, त्यात तो डोकं झटकतोय आणि भिंतीवर, माझ्या चष्म्यावर सगळीकडे ठिपके. आता जट दिसली की कंडिशनर चोळते, बोटांनी उभी चिरते, नाही सुटली तर ग्रूमरकडे मशीनने काढून घेते. मशीन कातडी आणि जटेच्या मधून जातं.

आंघोळ किती दिवसांनी?

दोन-तीन आठवड्यांनी, कोमट पाणी, कुत्र्यांचाच शाम्पू, आपला नको कारण त्यांच्या त्वचेचा पीएच वेगळा असतो. आधी ब्रश, मग आंघोळ! गुंता ओला झाला की घट्ट बसतो. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, दाबून पाणी टिपायचं आणि ड्रायर कमी गरम ठेवून पूर्ण वाळवायचं, हा लगेच कुडकुडायला लागतो.

डोक्यावर रबर बांधला तर चालतो?

चालतो, केस डोळ्यात जाण्यापेक्षा बरा. सैल बांधा, दोन्ही भुवया वर ओढल्यासारख्या दिसायला लागल्या म्हणजे फार घट्ट झालाय. काढताना ओढून काढू नका, रबर कापून टाका. रात्री सोडा.

कान उभे राहत नाहीयेत.

चार-पाच महिन्यांत दात येताना उभे राहिलेले कान पण पडतात, मग परत उठतात. कानाच्या वरच्या एक तृतीयांश भागावरचे केस बारीक करून घ्या, वजन कमी झालं की मदत होते. नाही झाले उभे तर नाही झाले, त्याला ऐकू तेवढंच येतं.

पिल्लू सकाळी एकदम लुळं पडलं, डुगडुगत होतं. काय असेल?

हा प्रश्न मेसेजवर विचारत बसू नका, आधी व्हेटला फोन करा. या जातीच्या लहान पिल्लांत रक्तातली साखर पटकन उतरते, अंगात साठाच नसतो. एक खाणं चुकलं, थंडी लागली, दिवसभर पाहुण्यांनी खेळवून दमवलं, जुलाब झाले, एवढं पुरतं. लक्षणं म्हणजे सुस्ती, तोल जाणं, थरथर, नजर हरवल्यासारखी, आणि पुढे फिट. शुद्धीत असेल तर थोडा मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटाने हिरडीला चोळा, उबदार गुंडाळा आणि निघा. गिळत नसेल तर तोंडात काही ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. मध चोळल्यावर उठून बसलं तरी दवाखाना चुकवायचा नाही.

तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या, रात्री झोपायच्या आधी एकदा नक्की.

सोफ्यावर चढू द्यावं का?

चढण्याला काही नाही हो, उतरण्याची भीती. टॉय, म्हणजे अगदी छोट्या जातींमध्ये पुढच्या पायाची दोन हाडं मनगटाच्या वर मोडणं अगदी नेहमीचं आहे, हाड पेन्सिलीएवढं, आणि तिथला रक्तपुरवठा कमी त्यामुळे जुळायलाही वेळ लागतो, बहुतेक वेळा प्लेट बसवायची पाळी येते. आणि हे गच्चीवरून पडून होत नाही, हातातून निसटून होतं, पलंगावरून उडी मारून होतं. आम्ही सोफ्याला आणि पलंगाला छोट्या पायऱ्या लावल्यात, खाली सरकणार नाही अशी मॅट टाकलीय. पहिले पंधरा दिवस त्याने पायऱ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, मग प्रत्येक पायरीवर एक एक ट्रीट ठेवत शिकवलं.

चालता चालता मधेच मागचा पाय उचलतो आणि तीन पायांवर उड्या मारतो, मग परत ठीक.

गुडघ्याची वाटी सरकत असणार. वाटी खोबणीतून बाहेर जाते, परत बसते, म्हणून चार पावलं लंगडून मग काहीच झालं नाही असं चालतो. व्हेट हाताने तपासून १ ते ४ ग्रेड सांगतात. कमी ग्रेडला वजन आटोक्यात ठेवणं आणि उड्या कमी करणं एवढ्यावर खूप जण नीट राहतात (गुंड्या ग्रेड २ आहे, अजून ऑपरेशन लागलेलं नाही), जास्त ग्रेडला ऑपरेशन करतात. पण पाच-आठ महिन्यांचं पिल्लू सतत लंगडत असेल, मांडी बारीक होत चालली असेल तर गुडघाच धरून बसू नका, खुब्याचा एक्स-रे काढा. या वयात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडून ते हाड झिजायचा एक आजार छोट्या टेरियर्सना होतो.

खोकतो तेव्हा बदकासारखा आवाज येतो.

श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या इंग्रजी सी अक्षरासारख्या असतात, त्या मऊ पडल्या की नळी चपटी होते आणि असा भोंग्यासारखा खोकला येतो, जास्त करून उत्साहात, उकाड्यात, किंवा पट्टा ओढला की. म्हणून गळ्यातला पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यापुरता, दोरी हार्नेसलाच लावायची, पहिल्या दिवसापासून. हा नियम मी कोणालाही ऐकवते, अगदी अनोळखी माणसाला पण. जाडेपणाने हे खूप वाढतं, आणि घरात सिगरेट ओढणारं कोणी असेल तर त्याला बाहेर पाठवा.

कधी कधी मान ताणून नाकाने घर्र-घर्र हवा आत ओढतो, लोक घाबरतात, ती उलटी शिंक. अर्ध्या-एक मिनिटात थांबते. दोन्हींचा व्हिडिओ काढून ठेवा, दवाखान्यात गेलं की हे नाटक करतच नाहीत.

दात घासायचे? कुत्र्याचे?

घासायचे. एवढ्याशा जबड्यात ४२ दात कोंबलेले असतात, फटीत घाण अडकते, आणि यॉर्कीचे दात फार लवकर खराब होतात. बोटाला कापड गुंडाळून सुरुवात करा, मग छोटा ब्रश, आणि पेस्ट कुत्र्यांचीच. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड त्याच्या पोटात जातं आणि काहींत झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) असतं, ते तर कुत्र्यांना विष. सहा-सात महिन्यांचा झाला की ओठ वर करून सुळे बघा, दुधाचा सुळा आणि नवा सुळा शेजारी शेजारी दिसले तर व्हेटला दाखवा, बहुतेक वेळा नसबंदीच्या भुलीतच तो काढून टाकतात. आम्ही हे पाहिलंच नव्हतं, नंतर परत भूल द्यावी लागली. पाच वर्षांनंतर तोंडाला वास येतो तो "कुत्र्याचा वास" नसतो, हिरड्या खराब झालेल्या असतात.

किती खायला द्यायचं? सारखा मागतो.

मागणारच. तीन किलोच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. आता हिशोब करा, एक चीज स्लाइस म्हणजे साठेक कॅलरी, तुम्ही लाडाने दिलेला तो "एवढासा तुकडा" त्याच्या दिवसाच्या जेवणाचा पाव भाग झाला. ट्रीट सगळ्या मिळून दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे वीस-पंचवीस कॅलरी. मी त्याच्या जेवणातलेच दाणे बाजूला काढून ट्रीट म्हणून देते, त्याला अजून पत्ता नाही. तळलेलं, तुपकट दिलं की स्वादुपिंडाला सूज येते, उलट्या सुरू होतात, आणि या जातीला तो त्रास लवकर होतो. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण अजिबात नाही, मोठा कुत्रा जे पचवेल तेवढंच याला आडवं करू शकतं.

पिल्लू वाढतच नाहीये, जेवलं की झिंगल्यासारखं करतं.

लिव्हर शंटबद्दल विचारा. आतड्यातलं रक्त लिव्हरमधून न जाता एका चुकार नळीतून बाहेरच्या बाहेर निघून जातं, मग अमोनियासारखी घाण मेंदूपर्यंत पोचते. यॉर्कींमध्ये हे इतर जातींपेक्षा जास्त दिसतं. जेवणाआधी आणि नंतर रक्त काढून बाइल ॲसिड टेस्ट करतात. चांगले ब्रीडर ही टेस्ट आधीच करून देतात.

लस अर्धी द्यायची का, वजन एवढंसंच आहे?

नाही, लसीचा डोस वजनावर नसतो, पूर्णच द्यायची. जंताचं औषध मात्र वजनावर. छोट्या कुत्र्यांना एकाच दिवशी अनेक लसी दिल्या तर रिॲक्शनचं प्रमाण थोडं जास्त असतं, म्हणून वेगवेगळ्या दिवशी देता येतील का हे विचारा.

घरभर शू करतो, वर्ष झालं तरी.

छोटं मूत्राशय आणि आपला आळस, दोन्ही कारणं. मोठ्या कुत्र्याने केलेलं तळं दिसतं, याचं वाटीभर पण नसतं म्हणून आपण पुसून सोडून देतो आणि तो शिकतच नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर किंवा पॅडवर, आणि केल्या केल्या शाबासकी, आत आल्यावर नाही. ओरडलात तर तो शू थांबवत नाही, पलंगाखाली जाऊन करायला शिकतो. जुन्या जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा, वास राहिला की तिथेच परत.

भुंकणं कमी होईल का?

कमी होईल, बंद नाही होणार. बेल वाजली की भुंकणं हे त्याच्या मते त्याचं काम आहे. आम्ही "बास" शिकवलं: दोनदा भुंकू द्यायचं, "बास" म्हणायचं, नाकासमोर ट्रीट धरायची, हुंगायला गप्प होतो त्या क्षणी द्यायची. तीन महिने लागले. उचलून घेऊन गप्प करू नका, कडेवरून तर अजून जोरात भुंकतो.

घाबरट असतात का?

स्मोकी माहितीये? दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली न्यू गिनीच्या जंगलात एका खड्ड्यात सापडलेली यॉर्की, वजन दोन किलोच्या आतबाहेर. नंतर फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावरच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती, आणि ती पट्ट्याला तारेची दोरी बांधून ७० फूट लांब, ८ इंच रुंद पाइपातून सरपटत पलीकडे गेली, नाहीतर धावपट्टी खणावी लागली असती. १९५७ पर्यंत जगली.

त्यामुळे घाबरट नाही, उलट आपण केवढे आहोत याचा अंदाजच नाही. गुंड्या स्वतःच्या दसपट कुत्र्यावर धावून जातो. मोकळा सोडू नका, कधीच. मोठा कुत्रा नुसता खेळायला पंजा मारेल तरी याची बरगडी मोडेल.

घरात तीन वर्षांचं मूल आहे, घ्यावा का?

मी म्हणेन दोन-तीन वर्षं थांबा. मूल वाईट म्हणून नाही, मूल उचलतं आणि सोडतं म्हणून. वर सोफ्याचं लिहिलंय ते परत वाचा.

एकटा राहतो का? व्यायाम किती?

सवय लावली तर तीन-चार तास राहतो. चालायला रोज दोनदा मिळून अर्धा तास पुरतो, पण डोक्याला काम द्या, मी टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवते, वीस मिनिटं शोधत बसतो आणि मग दोन तास घोरतो.

किती वर्षं जगतो? म्हातारपणी काय?

बारा ते पंधरा, सांभाळला तर जास्तही. सात-आठनंतर दरवर्षी रक्त तपासा आणि हृदयाची झडप नीट आहे ना ते स्टेथोस्कोपने ऐकून घ्या, ठोक्यांत कुरकुर आवाज येत असेल तर तिथेच आधी कळतो. मोतीबिंदू होतो, ऐकू कमी येतं. गुंड्याला आता संध्याकाळी अंधुक दिसतं, म्हणून आम्ही घरातलं सामान हलवत नाही. मागच्या महिन्यात एक खुर्ची अर्धा फूट सरकवली तर तिला धडकला, मागे झाला, आणि पाच मिनिटं खुर्चीवर भुंकत होता.